पैठणीच्या दालनातली प्रकाशपट्टी: एका रेंडरचे प्रकरण

छत्रपती संभाजीनगरात गुलमंडीच्या बाजारपेठेतील एका साडी-दुकानाच्या नूतनीकरणाची चित्रे तयार करण्याचे काम आमच्या छोट्या स्टुडिओकडे आले होते. जुन्या बाजारातील बहुतेक दुकानांप्रमाणे हे दुकानही अरुंद आणि खोल होते. रुंदी १६ फूट, खोली ३६ फूट, आणि दर्शनी काचेतून येणारा उजेड पहिल्या दहा-बारा फुटांतच संपणारा. मालकांचा मुख्य व्यवहार पैठणीचा असल्यामुळे इंटिरिअर डिझायनर मॅडमनी सगळी योजना एलईडीच्या प्रकाशपट्ट्यांवर बेतली होती. छताच्या चारही कडांना जिप्समच्या फॉल्स सीलिंगमध्ये कोव्ह (दिवा लपवणारी खाच), डाव्या भिंतीवरील कपाटांच्या प्रत्येक फळीखाली एक पट्टी, आणि मागच्या भिंतीवर काळ्या दगडाचे आच्छादन व त्यावर वरून घसरत येणारा उजेड. स्केचअप या त्रिमितीय आराखड्याच्या सॉफ्टवेअरमधील मॉडेल मॅडमच्या कार्यालयातून आले आणि त्यात साहित्य व दिवे घालून व्ही-रेमध्ये, म्हणजे मॉडेलवरून छायाचित्रासारखे चित्र (रेंडर) काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, सहा दृश्ये काढून देणे एवढे आमचे काम ठरले.

पहिली चित्रे पाहून मालक मॅडमना म्हणाले, "ताई, साडीच्या दुकानापेक्षा दवाखान्यावानी दिसायलंय हे. आन् फळीखाली ह्या नळ्या कशाला लावल्यात?" त्यांनी तांत्रिक शब्द एकही वापरला नव्हता, तरी चित्रातले दोन्ही मोठे दोष नेमके सांगितले होते. ती फाइल एका नव्या सहकाऱ्याने बांधली होती. परंतु ती तपासून पुढे पाठवणारा मीच होतो, म्हणून दोष कोठे शिरला हे शोधण्याचे कामही मीच अंगावर घेतले.

फाइल उघडून दिवे एकेक करून पाहिल्यावर चूक एकच नसून एकीतून दुसरी निघत गेली आहे असे दिसले. व्ही-रेच्या कॅमेऱ्याचे एक्स्पोजर (चित्र किती उजळ यावे हे ठरवणारे माप, ज्याचा आकडा ईव्हीमध्ये देतात) मूळचेच, म्हणजे ईव्ही १४ च्या किंचित वर, ठेवलेले होते. तो आकडा भर उन्हातल्या बाह्य दृश्यासाठी योग्य आहे. ईव्ही एका आकड्याने वाढवला की चित्राचा उजेड निम्मा होतो, एका आकड्याने घटवला की दुप्पट. ज्या खोलीत कपाटांच्या दर्शनी भागावर ४०० लक्सच्या (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचे एकक) आसपास उजेड पडतो तिला ईव्ही साधारण साडेसात लागतो, म्हणजे चित्र हवे त्यापेक्षा सुमारे शंभरपट काळे येत होते. कॅमेरा तसाच ठेवून सहकारी दिव्यांचे आकडे वाढवत गेला होता, आणि चित्र "बरे दिसू" लागले तेव्हा कोव्हमधील प्रत्येक पट्टीला दीड लाख लुमेन (दिव्यातून निघणाऱ्या एकूण प्रकाशाचे एकक) लागले होते. एवढा प्रकाश खऱ्या पट्टीतून काढायचा तर दीडशे मीटरहून अधिक पट्टी त्या एका कडेला गुंडाळावी लागेल.

याहून सूक्ष्म चूक एककाची होती. व्ही-रेमध्ये आयताकृती दिव्याची तीव्रता लुमेनमध्ये दिली, तर तो आकडा संपूर्ण दिव्याचा असतो आणि दिवा ताणून लांब केला तरी एकूण प्रकाश तेवढाच राहतो. सहकाऱ्याने एक पट्टी तयार करून चारही बाजूंना तिची प्रत ठेवली होती आणि स्केल टूलने ती बाजूच्या लांबीएवढी ताणली होती. ३६ फुटांची, म्हणजे ११ मीटरची बाजू आणि १६ फुटांची, म्हणजे ४.९ मीटरची बाजू, या दोहोंना तेच दीड लाख लुमेन मिळाले. त्यामुळे लांब बाजूला मीटरमागे सुमारे १३,६०० आणि आखूड बाजूला सुमारे ३०,६०० लुमेन पडत होते. दुकानाची मागची व पुढची कड झगझगीत आणि दोन्ही लांब कडा मलूल दिसण्याचे कारण हेच होते. आम्ही मात्र ते "लांब भिंतीवर उजेड कमीच पडतो" असे समजून सोडून दिले होते, आणि त्या सोडून देण्याचे मला आजही वाईट वाटते, कारण एखादी कड अंधारी दिसली तर तिथला दिवा किती लांब आहे हे पाहायला अर्धे मिनिटही लागत नाही.

तिसरी गोष्ट फळ्यांखालच्या पट्ट्यांची. तिथे दिवा ठेवलेला होताच, शिवाय पट्टीच्या आकाराच्या ठोकळ्याला स्वयंप्रकाशी मटेरियलही लावलेले होते. एकच प्रकाश दोनदा मोजला जात होता आणि तो ठोकळा डोळ्यांसमोर पांढराशुभ्र चमकत होता. मालकांना दिसलेल्या "नळ्या" त्याच होत्या.

सगळे दिवे पुसून नव्याने आकडे घालण्याआधी खरी पट्टी हातात घेणे मला आवश्यक वाटले. इलेक्ट्रिशियनने ठरवलेल्या मालापैकी एक मीटर तुकडा आम्ही मागवून घेतला. २४ व्होल्ट, मीटरला ९.६ वॉट, मीटरमध्ये १२० एलईडी, आणि वेष्टनावर मीटरमागे ९०० लुमेन. तो तुकडा १७ मिलिमीटर रुंद आणि ७ मिलिमीटर खोल अशा ॲल्युमिनियम प्रोफाइलमध्ये बसवून वर दुधी कव्हर चढवले, प्रोफाइल टेबलाच्या वर आडवे टांगले आणि खोली अंधारी करून साध्या लक्समीटरने त्याच्या मध्याखाली मोजमाप घेतले. ३० सेंटीमीटरवर ९३० लक्सच्या आसपास आकडा आला, ६० सेंटीमीटरवर ३८० च्या आसपास.

बिंदूएवढ्या दिव्याचा उजेड अंतर दुप्पट केल्यावर एकचतुर्थांश होतो, हे आपण शाळेत शिकतो. अमर्याद लांब सरळ दिव्याचा तो निम्माच होतो. आमची एक मीटरची पट्टी या दोन टोकांच्या मधली, म्हणून तिचा उजेड सुमारे अडीचपटीने उतरला, आणि ती जवळून पाहिली तर लांब दिव्यासारखी, दुरून पाहिली तर बिंदूसारखी वागते हे त्यातच आले. भिंतीवर पट्टीचा उजेड ज्या हळुवारपणे विरत जातो तो हळुवारपणा इथून येतो. कोव्हमध्ये ओळीने पंचवीस बिंदू-दिवे ठेवून पट्टीचा भास निर्माण करण्याची पद्धत म्हणूनच मला पटत नाही; दिव्यांमधले अंतर भिंतीपर्यंतच्या अंतरापेक्षा बरेच कमी नसेल, तर भिंतीवर शिंपल्यांसारखे डाग उमटतात आणि गणनेचा वेळही वाढतो.

वरील दोन्ही आकडे मांडून उलट गणित केले तेव्हा कव्हरमधून प्रत्यक्षात मीटरमागे सुमारे ६०० लुमेन बाहेर पडत असल्याचे निघाले. वेष्टनावरचे ९०० आणि हातात आलेले ६०० यांतील एकतृतीयांश प्रकाश दुधी कव्हर आणि प्रोफाइलच्या भिंती खाऊन टाकत होत्या. कोव्हमधली पट्टी कोणाच्या नजरेस पडत नसल्यामुळे तिला कव्हर नव्हते. तिथे ९०० च धरायचे होते. तेव्हा लांब कोव्हला ९,९००, आखूड कोव्हला ४,४१० लुमेन, अशी लांबीप्रमाणे वेगळी संख्या प्रत्येक दिव्याला दिली आणि प्रत्येक बाजूची प्रत आधी स्वतंत्र करून घेतली.

फळ्यांखाली मात्र तीस पट्ट्या होत्या आणि मॅडम कप्प्यांची रुंदी अजूनही बदलत होत्या. तिथे लुमेन सोडून ल्युमिनन्स, म्हणजे पृष्ठभागाचे तेज मोजणारे एकक घेतले, ज्यात प्रकाश क्षेत्रफळानुसार आपोआप वाढतो. मीटरमागे ६०० लुमेन आणि प्रकाशणारी रुंदी १६ मिलिमीटर धरली, तर दर चौरस मीटरला ३७,५०० लुमेन होतात. त्यांना पायने (३.१४) भागले की सुमारे ११,९०० हा आकडा मिळतो. तोच एकदा भरला आणि पुढे पट्टी कितीही ताणली वा आखडली तरी मीटरमागचा उजेड ढळला नाही. दिशादर्शकता, म्हणजे प्रकाश एका दिशेला एकवटण्याचे प्रमाण, वाढवण्याचा मोह अनेकांना होतो, पण साध्या पट्टीला तिची गरज नसते. १२० अंशांचा प्रकाशकोन म्हणजे मध्यापासून ६० अंशांवर तीव्रता निम्मी होणे, आणि व्ही-रेचा सपाट दिवा मुळात तसाच पसरतो.

यानंतर त्याच तुकड्याचा आम्ही ठरावीक मापावर फोटो घेतला. एफ ४, १/२५ सेकंद, आयएसओ २००. म्हणजे ईव्ही साधारण साडेसात. तशीच मांडणी स्केचअपमध्ये करून तेवढ्याच ईव्हीवर रेंडर काढले आणि दोन्ही चित्रे शेजारी ठेवली. टेबलावरचा उजेड जवळजवळ जुळला. पट्टी स्वतः दोन्हीकडे कोरी पांढरी आली, परंतु फोटोत तिच्याभोवती पिवळसर धूसर वलय होते आणि रेंडरमध्ये कात्रीने कापल्यासारखी कड होती. दिवा उबदार असल्याचे डोळ्याला सांगते ते वलय, पट्टीचा गाभा नव्हे. कारण या एक्स्पोजरला जेवढे तेज पांढरे दिसते त्याच्या शंभरएक पट तेज पट्टीत असते आणि तिथे रंग उरतच नाही. फ्रेम बफरमध्ये (रेंडर दाखवणाऱ्या खिडकीत) हायलाइट बर्न (अतिउजळ भागांचे कोरे पांढरे पडणे) थोडे खाली आणून आणि लेन्स इफेक्टचे ब्लूम (दिव्याभोवतीचे धूसर वलय) अगदी अल्प प्रमाणात लावून ही कड मऊ केली. अल्प हा शब्द मुद्दाम लिहिला आहे. ब्लूम जास्त झाले की दुकानात धूप जाळल्यासारखे दिसते.

फळ्यांखालच्या "नळ्यां"चा खरा उपाय मात्र सुताराकडे होता. मी मॅडमना सुचवले की फळीच्या पुढच्या कडेला २५ मिलिमीटर उंचीची दर्शनी पट्टी खाली उतरवावी आणि प्रोफाइल तिच्या आत ४५ अंशांत साड्यांकडे तोंड करून बसवावे. उभ्या माणसाच्या नजरेला मग दिवा दिसतच नाही, केवळ घडीवर उतरणारा उजेड दिसतो. त्यांनी ते मान्य केले, सुताराने प्लायच्या तुकड्यावर नमुना करून दाखवला, आणि मॉडेलमध्ये स्वयंप्रकाशी ठोकळे काढून टाकता आले. व्ही-रेच्या दृष्टीनेही हे बरे झाले. स्वयंप्रकाशी मटेरियलचा बारीक तुकडा परावर्तित किरणांना योगायोगाने सापडतो, म्हणून चित्रात दाणे पडतात, तर दिवा म्हणून ठेवलेल्या आयताकडे किरण थेट पाठवले जातात.

रंगाचा प्रश्न राहिला होता, आणि तो स्टुडिओत सुटण्यासारखा नव्हता. मालकांनी आम्हाला दुकानात बोलावले. तिथे ३०००, ४००० आणि ६५०० केल्व्हिन (आकडा लहान तितका उजेड पिवळसर, मोठा तितका निळसर) अशा तीन पट्ट्या एका फळीला लावून त्यांनी राणी रंगाची, हिरव्या काठाची एक पैठणी काढली आणि पदर तिन्हींखाली आडवा पसरला. ३००० खाली जर सोन्यासारखी पेटली, पण काठाचा हिरवा रंग मळकट पडला. ६५०० खाली काठ ताजा दिसला आणि जर फिकी पडून रुपेरी वाटू लागली. ४००० वर पदरातील मोराचा निळा आणि जरीचा पिवळा दोन्ही आपापल्या जागी राहिले. मालक पदर हलवत होते, आणि त्या हलण्यात ताण्याचा एक व बाण्याचा दुसरा रंग आळीपाळीने वर येत होता, ज्याला विणकर धूप-छाँव म्हणतात. फळ्यांना ४००० आणि छताच्या कोव्हला ३००० असे तिथेच ठरले.

रेंडरमध्ये हे दोन आकडे तसेच्या तसे भरल्यावर संपूर्ण दुकान केशरी झाले. यात दिव्याचा दोष नाही. पडद्याचा पांढरा रंग सुमारे ६५०० केल्व्हिनचा असतो, आणि त्या मापाने ३००० चा दिवा केशरीच ठरतो. माणसाचा डोळा खोलीत गेल्यावर काही क्षणांत जुळवून घेतो. कॅमेऱ्याला ते सांगावे लागते. पांढऱ्या रंगाचा समतोल ४००० वर आणला तेव्हा साड्या तटस्थ उजेडात आल्या आणि छत त्यांच्या मानाने उबदार राहिले. स्वयंचलित समतोल आम्ही बंदच ठेवला, कारण तो दृश्यागणिक बदलतो आणि सहा चित्रांत एकाच साडीचे सहा रंग होतात.

इथे एक मर्यादा मी मालकांना चित्रे देताना तोंडी आणि लेखी सांगितली. रेंडर लाल, हिरवा, निळा या तीन मार्गांनीच रंग मोजते. पट्टीची रंग दाखवण्याची गुणवत्ता, म्हणजे सीआरआय, त्यात उतरत नाही. सीआरआयचा नेहमीचा आकडा आठ फिक्या रंगनमुन्यांची सरासरी असतो आणि गडद लाल, ज्याला आर ९ म्हणतात, त्यात धरलेलाच नसतो. राणी, कुसुंबी आणि लाल रंग विकणाऱ्या दुकानाने पट्टी घेताना आर ९ वेगळा विचारावा. चित्रात स्वस्त पट्टी आणि चांगली पट्टी सारखीच दिसेल.

मागच्या भिंतीला मात्र फार वेळ गेला. मॅडमनी तिथे हाताने टाकीच्या घावांनी घडवलेला काळा बेसाल्ट ठरवला होता. वेरूळचे कैलास लेणे ज्या दगडात कोरले आहे तोच हा दख्खनचा दगड, आणि संध्याकाळच्या तिरप्या उन्हात तिथले छिन्नीचे घाव कसे उठून दिसतात हे आमच्याकडे शाळेच्या सहलीपासून प्रत्येकाने पाहिलेले असते. पहिल्या चित्रात या दगडाच्या जागी सपाट छायाचित्र आणि त्यावर बम्प, म्हणजे उंचवट्यांचा केवळ भास देणारी सेटिंग, होता. समोरून प्रकाश असता तर चालून गेले असते. पण भिंतीपासून ७५ मिलिमीटरवर वरून घसरत येणारा उजेड प्रत्येक उंचवट्याची लांब सावली मागतो, आणि बम्प पृष्ठभाग हलवत नसल्यामुळे त्याच्याकडे तशी सावली नसते. भिंत छापील कागदासारखी दिसत होती. तिथे १२ मिलिमीटर खोलीचे डिस्प्लेसमेंट (पृष्ठभाग खरोखर उंच-खोल करणारी सेटिंग) दिले, सांधे प्रत्यक्ष भूमितीत कापले, आणि सावल्या आल्या. तरीही भिंत अंधारीच होती. काळा दगड पडलेल्या प्रकाशाचा जेमतेम दहावा भाग परत देतो, तर पांढरी पुट्टी आठ दशांशांच्या आसपास. म्हणून जी पट्टी छताला पुरते ती दगडाला पुरत नाही. आकडा वाढवून चित्र उजळणे सोपे होते. त्याऐवजी मॅडमना कळवले की प्रत्यक्षातही तिथे दोन ओळी लागतील, आणि नकाशात दोन ओळी आल्यावरच चित्रात दोन दिवे ठेवले.

शेवटचा अडसर जरीचा होता. दर्शनी कोनाड्यातील पैठणीवर डिनॉयझर (चित्रातले दाणे पुसणारे साधन) चालवला की बारीक जर वितळून पिवळा रंग लेपल्यासारखा दिसे. त्या एका दृश्याला प्रकाशगणनेचे किरण-नमुने वाढवून, डिनॉयझर अर्धा मिसळून, रात्रभर गणनेला लावले. पोताला ताण्याचा एक आणि बाण्याचा दुसरा रंग कोनानुसार बदलेल असे मिश्रण दिले होते. ते धूप-छाँवच्या जवळ गेले, हुबेहूब झाले नाही.

दुसऱ्या फेरीची चित्रे मान्य झाली आणि काही महिन्यांनी दुकान उघडण्याच्या आदल्या संध्याकाळी मॅडमनी आम्हाला पाहायला बोलावले. चित्र मोबाइलवर उघडून मी त्याच जागी उभा राहिलो. फळ्या जुळल्या, दगड जुळला, परंतु डाव्या कोव्हचा मागचा अर्धा भाग चित्रापेक्षा स्पष्टपणे मंद होता. मालकांनी साहजिकच आमच्याकडे पाहिले. यावेळी चूक चित्रात नव्हती. ११ मीटरच्या पट्टीला एकाच टोकाकडून वीज दिली होती; मीटरला ९.६ वॉट म्हणजे सगळे मिळून सुमारे १०५ वॉट, २४ व्होल्टवर ४.४ अँपिअर, आणि एवढा प्रवाह पट्टीच्या पातळ तांब्यातून जाताना शेवटापर्यंत व्होल्टेज उतरते. इलेक्ट्रिशियनने आधी पट्टी खराब असल्याचे सांगितले. मग मॅडमच्या सांगण्यावरून पाच मीटरला पट्टी तोडून प्रत्येक तुकड्याला ड्रायव्हरपासून (पट्टीला वीज पुरवणाऱ्या डब्यापासून) वेगळी वायर आणली, तेव्हा कोव्ह टोकापासून टोकापर्यंत एकसारखा झाला. मीटरमागे ९०० हा आकडा चित्रात सर्वत्र समान असल्यामुळेच जागेवरचा फरक नजरेत भरला होता.

एक गोष्ट जुळली नाही ती आजही जुळलेली नाही. गल्ल्याजवळच्या काचेच्या काउंटरमध्ये आयत्या वेळी विनाकव्हरची पट्टी बसवली गेली, आणि खालच्या पॉलिश ग्रॅनाइटमध्ये तिचे एलईडी दर आठ मिलिमीटरवर एक असे ठिपक्यांच्या ओळीत उमटतात. आमच्या चित्रात तिथे अखंड रेघ आहे. कव्हर लावावे असे मॅडमचे मत होते; मालकांना ते ठिपके मोत्यांच्या सरासारखे वाटतात, आणि त्यांनी ते तसेच ठेवले आहेत.